रखमाजींचा राब

१

जरा मनानं माझ्याबरोबर मळवलीला चला. गाडीतून उतरलात की समोर लोहगड आणि विसापूर दिसतील. आज तिकडे जायचं नाही. स्टेशनामागची पायवाट धरा. साल एकोणीसशे चौतीस, वैशाख महिना. भाताची खाचरं कोरडी ठक्क पडली आहेत आणि दुपारचा वारा घाटाकडून, म्हणजे पश्चिमेकडून सुटला आहे. वारा कुठून येतो ते लक्षात ठेवा. या गोष्टीत त्याचं काम आहे.

खाचराच्या कोपऱ्यात तुम्हांला एक काळा चौकोन दिसेल. तो राब. भाताचं बी जिथे टाकायचं, तिथे मावळातले शेतकरी आधी शेण पसरतात. त्यावर झाडांचे छाटलेले टहाळे, पाला, गवत आणि सगळ्यावर थोडी बारीक माती. मग ते पेटवून जमीन भाजतात. तणाचं बी जळून जातं आणि पाऊस पडला की भाताचं रोप जोमानं वर येतं.

रखमाजी केदारींनी त्या वर्षी असे तीन राब घातले होते. दोन आधीच भाजून झाले होते. त्यांची राख पिठासारखी पांढरी आणि मऊ होती. तिसरा भाजायला ते जेवण करून गेले, ते दिवेलागण झाली तरी परतले नाहीत. म्हणून त्यांची बायको शालूबाई आणि भाचा अंबाजी कंदील घेऊन रानात गेले.

रखमाजी तिसऱ्या राबाच्या मधोमध उताणे पडलेले होते. अंगावरची बंडी जळली होती. चौकोन अजून कोमट होता.

गाव म्हणालं, धुरानं घेरी आली, पडले, गेले. वाईट झालं, पण असं होतं.

सकाळी वडगावहून फौजदार आले. त्यांचं नाव महिपती येवले. स्वतः नाणे मावळातल्या शेतकऱ्याच्या घरातले, बोलायला सावकाश. त्यांनी चौघांच्या मदतीनं देह उचलला आणि खाली वाकून पाहिलं. डोक्याच्या मागच्या बाजूला खोल जखम होती. आणि देहाखालचा पाला जळलेला नव्हता. वाळलेली पानं जशीच्या तशी होती, शिरासुद्धा दिसत होत्या.

फौजदारांनी त्यातलं एक पान उचलून पाहिलं. मग ते उठले आणि म्हणाले, "आग आली तेव्हा हे आधीच इथे पडलेले होते. ह्यांच्या भाच्याला बोलवा."

२

अंबाजी सोळा वर्षांचा होता. त्याचं घर घाटाखाली, एका संस्थानच्या मुलखात. त्या काळी आपल्या देशाचे असे तुकडे होते. वर मळवलीला इंग्रजांचा मुंबई इलाखा, आणि डोंगर उतरलात की दुसऱ्याच कुणाचं राज्य. मध्ये भिंत नव्हती. गुरं इकडची तिकडे चरून येत. पण मुलानं कॉलेजचं दार वाजवलं की ती भिंत उभी राही.

सातव्या वर्षापासून अंबाजी मामाकडे वाढला होता. लोणावळ्याच्या शाळेतून यंदा मॅट्रिकला बसला होता. पुण्याच्या सरकारी शेतकी कॉलेजात जायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. पण बाप घाटाखाली राहतो, म्हणून हा मुलगा परमुलखातला. परमुलखातल्या सगळ्या मुलांना मिळून दोनच जागा होत्या. शिवाय एक अट होती. इलाख्यातल्या कुणा कसत्या शेतकऱ्यानं स्वतः पुण्याला जाऊन त्या मुलाचा पालक म्हणून उभं राहायचं. त्याच्या वागणुकीचा जिम्मा घ्यायचा, सुट्टीत त्याला आपल्या रानात काम द्यायचं. पालक नाही तर अर्ज नाही. निकाल पुढे लागणार होता, पण अर्जाची मुदत त्याच आठवड्यात संपत होती.

"मग मामा होतेच की," फौजदार म्हणाले.

"मामा न्हाई म्हनाले."

"कधी?"

"काल सकाळी. मी इचारलं तर न्हाई म्हनाले. का ते सांगंनात." अंबाजीनं मान वर केली नाही. "मी लय बोललो. म्हनलं, राबवून घ्यायला भाचा पायजे, पुढं जायला नगं. सगळी आळी ऐकत हुती."

त्यानंतर तो कुठे गेला, हे फौजदारांनी विचारलं. भाजे लेण्यांच्या वाटेवर, एकटा. तिन्ही सांजेपर्यंत एका खडकावर बसला होता. कुणी पाहिलं नाही.

"मामांचं कुणाशी वाकडं होतं का?"

अंबाजी चावडीत बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "दत्तोबांशी. ओढ्यालगतच्या बांधावरनं. दिवाळीत काठ्या निघाल्या हुत्या. त्यांनीच मारलं असंल."

"तू पाहिलंस?"

"न्हाई."

"मग पाहिलेलं आणि वाटलेलं वेगवेगळं ठेव, पोरा. माझं सगळं काम त्यावर चालतं." फौजदारांनी टोपी उचलली. "आणि मी सांगेपर्यंत गाव सोडायचं नाही."

आता पाहा त्याची गत. पालक होऊ शकणारा एकच माणूस गेलेला. ज्याच्यावर खुनाचा संशय, त्याचा जिम्मा दुसरं कोण घेणार? आणि पुण्याची मुदत काही थांबणार नव्हती.

त्याच दुपारी इंद्रायणीच्या काठी अंबाजीनं मामाला अग्नी दिला. रखमाजींना मुलगा नव्हता. डोक्याचं मुंडण करून तो परतला, तेव्हा आळीतल्या बायकांनी दारं ओढून घेतली. सुतकामुळे की संशयामुळे, हे त्याला कळलं नाही.

३

दत्तोबा पन्नाशीचे, अंगानं आडवे. ओढ्यापलीकडे त्यांची खाचरं. फौजदारांना त्यांनी घोंगडीवर बसवलं, पण पाणी विचारलं नाही.

"भांडन हुतं," ते म्हणाले. "लपवायचं काय त्यात? त्याचा दगड मी सरकवायचा, माझा त्यानं. ईस वरसं झाली. आता तो मेला. मी भांडू कुनाशी?"

काल दुपारी ते आपल्या खाचरात ढेकळं फोडत होते. फौजदारांनी विचारलं, काय दिसलं. ते म्हणाले, ओढ्यापलीकडे एकदम जाळाचा लोळ उठला आणि पाहता पाहता बसला. त्यांना वाटलं, कुणाची गवताची गंजी पेटली. विझवायला निघाले, तोवर धूरही राहिला नव्हता, म्हणून मागे फिरले.

"राब पेटलाय असं नाही वाटलं?"

"राब? छ्या." दत्तोबांनी हात झटकला आणि शेजारची कुदळ उचलली.

शालूबाईंना बोलतं करायला वेळ लागला. फौजदार अंगणातच बसून राहिले. शेवटी त्या आपणहून सांगू लागल्या. स्टेशनाजवळ मुंबईच्या एका शेटचा बंगला आहे. रखमाजी तिथली राखण करत. शेटचे कारभारी श्रीपादराव खंडाळ्याला राहतात. पंधरवड्यामागे त्यांनी रखमाजींना आगगाडीनं पुण्याला नेलं होतं. बंगल्याचंच काही काम आहे म्हणाले. रखमाजी खुशीत परत आले. साहेबानं बसायला खुर्ची दिली, जमीन किती ते विचारलं, अंगठा घेतला, येताना कारभाऱ्यानं भजी खाऊ घातली.

"मंग परवा लोनावळ्याला गेले," शालूबाई म्हणाल्या, "न् आले ते त्वांड पाडून. भाकर न्हाई की पानी न्हाई. मी लय इचारलं. एवडंच म्हनाले, शालू, मी पोराचं वाटुळं केलं."

फौजदारांनी त्यांना दुसरा प्रश्न विचारला नाही. ते उठले, तोच अंगणाच्या तोंडाशी छत्री मिटवत एक गृहस्थ उभे राहिले.

"मला काही सांगायचं आहे," ते म्हणाले. "मी रखमाजीला पाहिलं होतं."

४

ते श्रीपादराव. पांढरं धोतर, बंद गळ्याचा कोट, बोलणं मऊ. शालूबाईंना त्यांनी हात जोडले. शेट तुम्हांला वाऱ्यावर सोडणार नाहीत, असं सांगितलं. अंबाजीकडे पाहून हळहळले. उगाच ह्या पोरावर आळ यायला नको, म्हणून उन्हातून आलो, म्हणाले.

काल दुपारी ते बंगला पाहायला मळवलीला आले होते. परत जाताना खाचराच्या कडेनं गेले.

"रखमाजी राब पेटवत होता. पश्चिमेच्या टोकाला उभा होता, वाऱ्याकडे पाठ करून, म्हणजे धूर तोंडावर येत नाही. मी हाक मारली, त्यानं हात केला. तेव्हा चांगला होता हो. पुढे घेरी आली असेल. अपघातच आहे हा, फौजदारसाहेब."

"नक्की रखमाजीच? लांबून दुसरा कुणी वाटला नसेल?"

"दहा वर्षं माझ्या हाताखाली होता. मी ओळखणार नाही?"

फौजदारांनी त्यांचे आभार मानले. उद्या दुपारी पुन्हा रानात यावं, म्हणजे ती जागा नक्की करून हे प्रकरण मिटवता येईल, असंही सुचवलं. श्रीपादराव आनंदानं कबूल झाले.

अंबाजीला वाटलं, सुटलो. पण शेजारी उभ्या असलेल्या फौजदारांकडे त्यानं पाहिलं, तर त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचं काहीच चिन्ह नव्हतं.

५

संध्याकाळच्या गाडीनं फौजदार लोणावळ्याला गेले. अंबाजीचे शिक्षक गंगाधर मास्तर घरीच होते. पालकानं पुण्याला काय करायचं असतं ते विचारायला रखमाजी परवा आपल्याकडे आले होते, हे मास्तरांना आठवलं. साहेब जमीन विचारतात, अंगठा घेतात, हे ऐकल्यावर त्यांनी एक विचित्र गोष्ट विचारली होती. पालक म्हणून एकदा दिलेलं नाव मागे घेता येतं का?

मास्तरांनी सांगितलं होतं की येतं, पण स्वतः पुण्याला जाऊन साहेबांसमोर सांगावं लागतं. मग रखमाजींनी विचारलं, एक माणूस दोन पोरांचा पालक होऊ शकतो का. मास्तर म्हणाले, नाही. एका पालकाला एकच मूल.

"ते निघायला उठले," मास्तर फौजदारांना म्हणाले. "मला वाटलं, अंबाजीबद्दल मन बदललं की काय. मी जरा रागानंच बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि गेले."

"या कॉलेजची चौकशी आणखी कुणी केली होती तुमच्याकडे?"

मास्तरांनी आठवून पाहिलं. केली होती. खंडाळ्याच्या श्रीपादरावांनी, आपल्या पुतण्यासाठी. तो दुसऱ्या एका संस्थानात शिकत होता, म्हणजे तोही परमुलखातला. श्रीपादरावांची स्वतःची शेती नव्हती. त्यांना पालक म्हणून कसता शेतकरी हवा होता.

तुम्हांलाही आता काही दिसू लागलं असेल. पण थांबा. एखाद्याला कारण होतं, एवढ्यावरून त्यानं मारलं असं ठरत नाही. कारण तर अंबाजीलाही होतं, दत्तोबांनाही होतं. फौजदारांना हे पक्कं माहीत होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी ते रानात लवकर जाऊनही वारा सुटेपर्यंत बांधावर नुसते बसून राहिले.

६

दुपारी झाडांची पानं हलू लागली. घाटाकडून वारा आला.

फौजदारांनी दत्तोबांकडून पाला आणि शेण मागून, खाचराच्या मोकळ्या भागात छोटे छोटे तीन राब घालून घेतले होते. मध्ये मोकळी जमीन ठेवली होती. शालूबाई बांधावर उभ्या होत्या. फौजदारांनी आगपेटी आधी श्रीपादरावांच्या हाती दिली. रखमाजींनी जसा पेटवला, तसा पेटवून दाखवा, म्हणाले.

श्रीपादराव धोतर सावरत पश्चिमेच्या टोकाला गेले, वाऱ्याकडे पाठ केली, खाली वाकून काडी ओढली. वाऱ्यानं जाळ उचलला. भडकन् लोळ उठला, पाल्यावरून पळत पूर्वेच्या टोकाला गेला आणि संपला.

मग फौजदारांनी आगपेटी अंबाजीला दिली. त्यानं चिमूटभर माती उचलून सोडली. माती पूर्वेकडे उडाली. तो काही न बोलता फिरून पूर्वेच्या टोकाला गेला आणि तिथे काडी लावली. धूर त्याच्या पलीकडे निघून जात होता आणि जाळ मात्र वाऱ्याशी भांडत, इंच इंच करत, पश्चिमेकडे सरकत होता.

तिसरा राब दत्तोबांचा. तेही पूर्वेकडेच गेले. "ह्यात कसली पारख?" ते पुटपुटले. "शेंबडं पोरबी हेच करंल."

बराच वेळ सगळे उभे होते. आग विझल्यावर फौजदारांनी काठीनं राख उकरली. अंबाजीच्या आणि दत्तोबांच्या राबाखाली शेणसुद्धा जळून पांढरं झालं होतं, माती तापली होती. श्रीपादरावांच्या राबात वरचा पाला तेवढा गेला होता. खालचं शेण काळं, अर्धवट, ओलसर होतं.

मग काठी टेकत ते रखमाजींच्या तिसऱ्या राबाकडे गेले आणि तिथे उकरलं. तिथेही शेण काळं, अर्धवट, ओलसर होतं.



७

"अंबाजी," फौजदार म्हणाले, "तू पूर्वेकडून का लावलास?"

"वाऱ्याच्या तोंडाला लावला तर जाळ पळतो. जिमीन भाजत न्हाई. वाऱ्याच्या उलट गेला तर मुंगीवानी चालतो, पार खालपातुर भाजतो."

"रखमाजींना हे ठाऊक होतं?"

"त्यांनीच शिकवलं."

फौजदार श्रीपादरावांकडे वळले. त्यांचा आवाज चढला नाही. "हा राब पश्चिमेकडून पेटवला गेला, हे राख सांगते. दत्तोबांनीही लोळ उठून लगेच बसलेला पाहिला, म्हणून तर त्यांना तो राब वाटला नाही. म्हणजे पेटवणाऱ्याला राब भाजता येत नव्हता. रखमाजी नाही, दत्तोबा नाहीत, हे पोरही नाही. पण तुम्ही म्हणता, तुम्ही रखमाजींनाच पेटवताना पाहिलं. हाक मारली, त्यांनी हात केला."

"लांबून... चूक झाली असेल," श्रीपादराव म्हणाले.

"काल तुम्ही म्हणालात, दहा वर्षांची ओळख. बरं, धरू की रखमाजी त्या दिवशी चुकले. वाऱ्याकडे पाठ करून त्यांनी काडी लावली. मग जाळ त्यांच्यापासून लांब पळणार. आत्ता तुम्ही लावलात, तुमच्या धोतराला ठिणगी तरी लागली का? तसा पेटवणारा माणूस मधोमध जळून कसा मरेल? आणि त्याच्या अंगाखाली पाला शाबूत कसा राहील?"

श्रीपादराव छत्रीवर भार देऊन उभे होते.

फौजदारांनी पुढचं थोडक्यात सांगितलं. पंधरवड्यामागे पुण्याला बंगल्याचं काम नव्हतंच. तिथे रखमाजी नकळत श्रीपादरावांच्या पुतण्याचे पालक झाले. लोणावळ्याला मास्तरांकडे त्यांना ते उमगलं. आपलं नाव गेलं, आता भाच्यासाठी ते देता येत नाही. म्हणून त्यांनी भाच्याला नाही म्हटलं, आणि लाजेनं कारण सांगितलं नाही. पण ते स्वस्थ बसणार नव्हते. पुण्याला जाऊन नाव परत घेणार होते. त्या दुपारी श्रीपादराव बंगल्यावर आले, तेव्हा त्यांनी हे तोंडावर सांगितलं असणार.

"बंगल्यावर नाही," श्रीपादराव म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता. "इथेच. मी समजावलं त्याला. राखणीचं काम जाईल म्हणालो. तो ऐकेना. माझा पुतण्या दोनदा नापास झालेला, ह्या वर्षी जागा मिळाली नसती तर... मी फक्त ढकललं. मागे बांधाचा दगड होता."

"आणि मग राबावर ओढलंत, पेटवलंत."

"मला वाटलं, आगीत काही उरणार नाही."

एक प्रश्न राहिला होता. आग लावली, तेव्हा रखमाजींचा श्वास चालू होता का? फौजदारांनी तो विचारला नाही. शालूबाई बांधावर उभ्या होत्या.

८

श्रीपादरावांना घेऊन टांगा वडगावला गेला. तुम्ही म्हणाल, संपली गोष्ट, खुनी सापडला. पण अंबाजीपुढे होती तीच अडचण अजून तशीच उभी होती. जाताना फौजदारांनी त्याला गाव सोडायची मोकळीक दिली. पुतण्याचा अर्ज आता टिकणार नाही, एक जागा मोकळी आहे, असंही सांगितलं. मुदतीचा शेवटचा दिवस उद्याचा. पण पालक कोण?

आळीत कसते शेतकरी खूप होते. अंबाजी घरोघर मनानं फिरून आला. ज्या दारांना काल कड्या लागल्या होत्या, त्यांतलं एकही उघडेल असं त्याला वाटेना. शालूबाईंनी भिंतीकडे तोंड करून सांगितलं, "जा. हितं बसून तुझा मामा परत यायचा न्हाई."

सकाळी तो ओढा उतरून पलीकडे गेला. दत्तोबांच्या अंगणात जाऊन थांबला. सुतकातल्या माणसानं दुसऱ्याच्या ओट्यावर चढायचं नसतं, म्हणून तो उन्हातच उभा राहिला. मुंडण केलेलं डोकं तापत होतं. दत्तोबा गोठ्याच्या तोंडाशी दावं वळत बसले होते. त्यांनी एकदा पाहिलं आणि पुन्हा दावं वळू लागले.

"मी चावडीत तुमचं नाव घेतलं," अंबाजी म्हणाला.

"म्हाईत हाय."

"पाहिलं नव्हतं. वाटलं हुतं."

दत्तोबांनी दाव्याची गाठ दातानं ओढली. "मलाबी तुजंच वाटलं हुतं," ते म्हणाले. "मी बोललो न्हाई, इतकंच."

पालक होण्याचं मागणं मात्र अंबाजीनं केलंच नाही. ज्यांच्याशी मामा वीस वर्षं बोलले नाहीत, त्यांना काय म्हणून मागायचं? तो परत फिरायला लागला.

"पुन्याची गाडी कवा हाय?" दत्तोबांनी मागून विचारलं.

"दहाच्या सुमाराला."

"त्या साहेबाला आमचं भांडन सांगायचं न्हाई. जिमीन इचारंल ती सांगीन, पोरगं कसं हाय इचारंल तेबी सांगीन." ते उठले, गुडघे धरून सरळ झाले. "मला मुंडासं बांधाया येळ लागतो. बैलं कालपासनं पान्यावर गेली न्हाईत."

सुतकातल्या माणसाला कुणी आपल्या गुरांना हात लावू देत नाही. अंबाजीला वाटलं, दत्तोबा ते विसरले. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं. पण ते आत जाऊन मुंडासं शोधू लागले होते.

अंबाजी गोठ्यात शिरला, दोन्ही बैलांची दावी सोडली आणि त्यांना पाण्यावर घेऊन निघाला.